110 सीसीची एटीव्ही आणि कोकणातली चढण: एका प्रतिक्रियेला उत्तर

एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, हँडलवर चालणारी, खडबडीत वाटांसाठीची छोटी गाडी. तुमचे आक्षेप तीन: 110 सीसीची एटीव्ही म्हणजे मुलांचं खेळणं, कोकणातल्या पावसात ती चढणार नाही, आणि मांगरापर्यंत (शेतातल्या खोपटापर्यंत) सामान न्यायला जुनी मोटरसायकलच बरी. शिवाय पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ती चढणार नाही, असंही तुम्ही म्हणता.

मोटरसायकलपासून सुरुवात करतो. एकट्या माणसाला ती बरीच, पण इथे प्रश्न ओझ्याचा आहे. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण 30 किलोंचा, सिमेंटची गोण 50 किलोंची. शेवाळलेल्या जांभ्यावर (कोकणातल्या लाल दगडावर) असं ओझं घेऊन पाय टेकला की तो घसरलाच. एटीव्ही चढणीत थांबवली तरी ब्रेक धरून चारी चाकांवर उभी राहते. आणि खेळणं म्हणून ज्या हलकेपणाला तुम्ही नावं ठेवता, तोच ती घेण्याचं कारण आहे. 110-120 किलोंची गाडी चिखलात रुतली तर दोघं जण मागची बाजू उचलून कडेला ठेवतात. 500 सीसीची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी 300 किलोंच्या आसपास जाते. ती व्हाळात (ओढ्यात) बसली की विंचशिवाय, म्हणजे दोराने ओढणाऱ्या यंत्राशिवाय, हलत नाही.

मात्र 30 किलो मागच्या कॅरियरवर बांधू नका. छोट्या गाडीला ते झेपत नाही, चढणीत पुढची चाकं हलकी होतात. सिलिंडर उभाच न्यायचा असल्याने बुटक्या ट्रॉलीत, चाकांच्या अगदी वर, पट्ट्यांनी आवळून न्यावा. ट्रॉलीला ब्रेक नसतो आणि उतारावर ती गाडीला ढकलते, म्हणून एका खेपेला एकच सिलिंडर किंवा एकच गोण.

पावसाचा आक्षेप गंभीर आहे, पण त्यात दोष गाडीचा कमी, वाटेचा जास्त. वाटेची चढण गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने मोजा. 4 फुटांना 1 फूट याहून खडी असेल तर वाट वळवून घ्या. वाटेवर दर 20-25 फुटांना तिरका चर काढून पाणी उताराकडच्या बाजूला सोडा. हे चर जूनच्या आधी झाले नाहीत, तर वाटेचाच व्हाळ होतो, माती वाहून जाते आणि उघड्या दगडांवर कुठलीच गाडी चढत नाही. जांभा उघडा असेल तिथे छिन्नीने आडव्या टाक्या मारून तो खडबडीत करा, आणि जुलैपासून शेवाळ खराट्याने घासत राहा.

टायरची हवा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. या फुगीर टायरना 3 ते 5 पीएसआय पुरते. पेट्रोल पंपावरचा मीटर इतकं कमी नीट दाखवत नाही, म्हणून 0-10 पीएसआयचा वेगळा मीटर आणि हातपंप ठेवा. हवा जास्त झाली तर टायर दगडावरून उड्या मारतो, फार कमी झाली तर रिमवरून निसटतो. डाव्या-उजव्या चाकांत फरक असला की गाडी एका बाजूला ओढते.

इंजिन चढणीत बंद पडलं तर हँडल वळवू नका, गाडी आडवी झाली की उलटते. मागे घरंगळू लागली तर नुसता मागचा ब्रेक करकचून दाबू नका, पुढची चाकं उचलली जातात. आधी पुढचा ब्रेक. उतरण्यासाठी गिअरवाली सेमी-ऑटोमॅटिक (गिअर पायाने, पण क्लचचा दांडा नाही अशी) घ्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जांभ्याचा लाल चिखल ब्रेक पॅड भराभर खातो, त्यामुळे पावसाळ्यात ते दर आठवड्याला तपासावेच लागतात.

पाखाडीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मागच्या एक्सलवरचं चेनचं चक्र आणि ब्रेकची डिस्क जमिनीपासून जेमतेम 4-5 इंच असतात आणि पायरी 6-7 इंचांची. पहिल्याच पायरीला चक्र आपटतं, दाते वाकतात, चेन उतरते. पाखाडी आपल्या माणसांसाठी राहू द्या. खाली जाड पत्र्याचं संरक्षण लावलं तरी ते सुट्या दगडांपुरतंच.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अशा बहुतेक गाड्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, आणि मोटार वाहन कायदा, 1988 नुसार सार्वजनिक जागी नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्यात येते, म्हणजे गावची पाणंदही. त्यामुळे ती स्वतःच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतच चालवावी, आणि तिथवर टेम्पोने आणावी. हलकी असल्याचा तिथेही उपयोग होतो.

पऱ्या (छोटा ओढा) ओलांडायचा तर पाणी पाय ठेवायच्या पट्टीखाली असेल तेव्हाच. इंजिनाची हवा ओढायची नळी सीटखाली असते, तिथून पाणी आत गेलं तर इंजिन जाम होतं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून ते वाळवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, गाडी सुरू न करता ते बदला. किनाऱ्याजवळ घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने चेन आणि वायरचे जोड आधी जातात. गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून चेनला ऑइल आणि जोडांना ग्रीस लावा. चेन मधोमध बोटाने दाबल्यावर थोडी हलली पाहिजे.