टाकाऊतून टाकाऊ

त्या व्हिडिओत बाईंचे फक्त हात दिसत होते. चेहरा दिसला असता तर कदाचित मी सावध झाले असते. पण नखं नीट रंगवलेली, मागे मंद बासरी, आणि दीड मिनिटात बिअरच्या बाटलीची फुलदाणी! 'एकदम सोप्पं! घरात पडलेल्या वस्तूंतून!' अशी अक्षरं शेवटी नाचत आली. मे महिन्यातली दुपार होती, शाळेला सुट्टी होती, आणि आमच्या फोंड्याकडच्या मे महिन्यात घामाबरोबर थोडी अक्कलही वाहून जाते.

आमचं घर म्हार्दोळच्या बाजूला. पुढे सोपा, अंगणात तुळशीवृंदावन, मागे लहानसं कुळागर. मागीलदार आणि पोफळीची पहिली रांग यांच्यामध्ये दहा-बारा पावलांची मोकळी जागा आहे. तिला आजवर कुणी काही नाव दिलं नव्हतं. तिथे धुणं वाळतं, सोलां वाळतात, सुपारी वाळते, आणि एका कोपऱ्यात सासूबाईंच्या करवंट्यांचा ढीग असतो. त्या दुपारी त्या जागेकडे बघून मी प्रथमच मनात 'बॅकयार्ड' म्हटलं. सगळं तिथून बिघडलं.

घरात पडलेल्या वस्तूंत बाटली काही आमच्याकडे सापडेना. आमचे हे सोलकढीच्या पुढे कधी गेलेले नाहीत. तेव्हा मी नाक्यावरच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, गेले. गोव्यात बाटली मिळणं कठीण नाही, रिकामी मागणं कठीण आहे. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे दिवस, आत पाच-सहा मंडळी बसलेली, त्यांतले दोघे माझे माजी विद्यार्थी. दोघेही उभे राहिले.

"बाये, भरिल्ली जाय काय रिती?" गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"रिती!" मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

"सुरवातीक सगळे अशेंच सांगतात," म्हातारा म्हणाला, आणि त्याने बावीस बाटल्या पोत्यात भरून दिल्या. पोतं माजी विद्यार्थ्याने घरापर्यंत आणलं. वाटेत ते खळखळ वाजत होतं आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडत होत्या.

बाटल्या मी धुतल्या आणि मागीलदारी सोलांच्या शेजारी उन्हात उपड्या घातल्या. ती एकादशी होती हे माझ्या ध्यानात नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंच्या भजनाच्या बायका नेहमीप्रमाणे मागल्या दाराने आल्या. बावीस बाटल्यांसमोर त्यांची रांग थबकली. कुणी काही बोललं नाही. फक्त एका काकींनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कठीण असतं गो. पण देवाला डोळे आहेत." दुसऱ्या दिवशी देवळात एका गृहस्थांनी ह्यांना खांबाआड नेऊन "माझी सुटली, तुमचीही सुटेल" असा धीर दिला. ह्यांना वाटलं, ते तपकिरीबद्दल बोलतायत. ह्यांनी आभार मानले. झालं, शिक्कामोर्तब.

आता बाटली कापणं. सुती दोरा नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवायचा, बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा, बाटली फिरवत राहायचं आणि आग विझत आली की बर्फाच्या पाण्यात बुडवायची. दोऱ्याखालची काच तापून प्रसरण पावते, गार पाण्यात ती एकदम आकसते, शेजारची काच तेवढी आकसत नाही. या ओढाताणीत बाटली दोऱ्याच्या रेषेवर तडकते. तडकायला आमच्या बाटल्यांची काहीच हरकत नव्हती. रेष तेवढी त्यांना मान्य नव्हती, आमच्या गावातल्या बांधावरच्या भांडणांसारखं. पहिली मानेत गेली. दुसरी उभी चिरली. तिसरीला करवतीसारखे दात आले. चौथीला काहीच झालं नाही, तिच्याऐवजी माझ्या भुवईला झालं. चिरंजीव म्हणाला, "आई, तुझी एक बाजू सतत आश्चर्यचकित दिसते."

बारा बाटल्यांत एक सरळ कापली गेली. तिची कड मी तीन दिवस सँडपेपरने घासली, आत पाणी घातलं, आबोलीचा घोस ठेवला आणि ती सोप्यावर मांडली. पाटाचं पाणी सोडून आलेल्या ह्यांनी आबोली काढून बाजूला ठेवली आणि ते पाणी पिऊन टाकलं. "ग्लास बरा आहे," म्हणाले. "जरा जड आहे."

फुटक्या काचा मी फेकायला निघाले, तर सासूबाईंनी हटकलं. "दोन बऱ्या कडेच्या ठेव. आमचे बाबा दवला, म्हणजे करवंटीचा डाव, करताना करवंटी काचेनेच तासायचे. अशी गुळगुळीत व्हायची, गालाला लावावी." ही माहिती त्यांनी आपण होऊन मला दिली, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते. कारण पुढे जे झालं त्यात मी एकटीच आरोपी ठरले.

करवंटीला बाहेरून काथ्याच्या शेंड्या असतात. त्या काचेने खरवडायच्या, मग जाड सँडपेपर, मग बारीक, मग खोबरेल तेलाचं बोट. खरोखर सुंदर दिसते हो! काळपट तपकिरी, आतून उजेड येईल अशी. एवढ्यावर थांबले असते तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला व्हिडिओतल्यासारखे टांगते दिवे हवे होते, पाखरांना दाणे घालायच्या वाट्या हव्या होत्या, वाऱ्यावर किणकिणणारी माळ हवी होती. म्हणजे भोकं आली. भोकांसाठी ड्रिल आलं, शेजाऱ्यांचं. शेजाऱ्यांच्या ड्रिलचं पातं माझ्या हातून मोडलं, म्हणून नवीन पातं आलं. करवंटी ड्रिलखाली धरली की गरगर फिरते, म्हणून पकड आली. आणि प्रत्येक करवंटीवर पांढऱ्या रंगाची वारली माणसं. वारली चित्रं डहाणू-पालघरकडची, फोंड्यात त्यांचं काय काम, असं विचारायचं नसतं. करवंटी म्हटली की तिच्यावर नाचणारी माणसं आलीच, ढोल्यासकट.

तशी आमच्या गोव्याची आपली कावी आहे की. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर वरचा थर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. वेल, मोर, कमळं. जुन्या देवळांच्या भिंतींवर कितीतरी पावसाळे काढून अजून शाबूत दिसते. मागीलदारच्या चिऱ्याच्या बांधावर करावी, असा विचार माझ्या मनात आलाही होता. चौकशी केली तेव्हा कळलं, चुना गुळाच्या पाण्यात मुरवायचा, मग कुटायचा, परत मुरवायचा, परत कुटायचा. त्यात बासरीला कुठे जागाच नव्हती. मी अ‍ॅक्रिलिक रंगाची डबी उघडली.

एके सकाळी सासूबाई ढिगासमोर उभ्या दिसल्या. ढीग कमरेएवढा होता, तो आता गुडघ्याएवढा झाला होता.

"करवंट्या कुठे गेल्या गो?"

"आई, त्यांचे दिवे केले."

"दिवे?"

"आणि पाखरांना दाणे घालायच्या वाट्या."

त्यांनी वर पाहिलं. पोफळीला, पेरूला, धुण्याच्या दोरीला, सगळीकडे करवंट्या लोंबत होत्या. "पाखरं थंड पाण्याने न्हातात," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही."

हे समजायला आमची न्हाणी माहीत हवी. घरात गिझर आहे. पण सासूबाईंच्या मते त्याचं पाणी 'अंगाला लागत नाही'. न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण बसवलेलं आहे आणि पावसाचे चार महिने ते करवंट्यांवर तापतं. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात जूननंतर कोरडं सरपण म्हणजे सोनं. मिरच्या, सोलां, चिंच, मीठ, तशीच करवंटी. सगळी पावसाची पुरुमेंत, म्हणजे बेगमी. थोडक्यात, मी कोठारातला माल काढून त्यावर नाचणारी माणसं काढत बसले होते.

टायरांबद्दल फार लिहीत नाही. ह्यांच्या स्कूटरचे दोन आणि एका ट्रकचा एक. ट्रकचा टायर कापून कमळासारखी कुंडी करायची होती. रबराच्या आत तारा असतात, हे व्हिडिओत नव्हतं. मी पिवळा रंग दिला आणि कमळाचा नाद सोडला. सुतळीचं मॅक्रमेही केलं, गाठींचं शिंकं. ते पाहून ह्यांनी विचारलं, "हे माटोळीला का?" आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात. ह्यांची एक गाठ विसर्जनापर्यंत नारळाचं ओझं पेलते. माझ्या एकोणतीस गाठींचं शिंकं एका मनीप्लांटने खाली आणलं. उरलेल्या बाटल्या वाफ्याच्या कडेने उपड्या रोवल्या, हिरव्या-तपकिरी ओळीने. ते मात्र खरंच साधलं होतं.

आणि एक संध्याकाळ अशी आली, की मागीलदार ओळखू येईना. करवंट्यांत बारके दिवे लुकलुकत होते, बाटल्यांच्या बुडांवर उजेड चमकत होता, पिवळ्या टायरात झेंडू. आम्ही खुर्च्या मांडून बाहेर चहा घेतला. हे म्हणाले, "पुण्याच्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं." मी त्रेचाळीस फोटो काढले. मग रात्री हिशेब केला: वॉर्निश, ब्रश, पातं, पकड, सुतळी, रंग, दिव्यांची माळ, भाजल्यावरचं मलम. फुकटच्या वस्तूंना दोन हजार आठशे सत्तर रुपये लागले होते. डिचोलीच्या कुंभारांच्या कुंड्यांनी एवढ्यात परस भरलं असतं.

चिरंजीव करवंटीकडे पाहत म्हणाला, "आई, आमचा नरकासुर बरा. तीन आठवडे बांधतो, एका पहाटे जाळतो, मोकळे. तुझं हे किती दिवस?"

पाच दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात आधी वारा आला. किणकिणणारी माळ किणकिणली नाही, रात्रभर खडखडली, जणू कुणी माळ्यावर घाईघाईने सामान बांधतंय. दोन वाजता हे टॉर्च आणि कोयती घेऊन गेले आणि परत आले तेव्हा शांतता होती. मी काही विचारलं नाही. मग पाऊस. तो आमच्याकडे पडत नाही, ओततो. आठवड्यात वारली माणसांचे पाय गेले, मग ढोल्या गेला. सुतळीच्या शिंक्यावर पांढरी लव चढली, आणि त्यातून एका सकाळी छत्र्या वर आल्या. सासूबाई लगबगीने पुढे झाल्या. "ओळमी?" ओळमी म्हणजे पावसातली खायची रानअळंबी. त्यांच्या आवाजात माझ्या कलेबद्दल प्रथमच आशा होती. वास घेऊन पाहिला. "नाही," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

जुलैच्या सुरुवातीला आरोग्य केंद्राची मुलगी आली, हातात टॉर्च आणि फॉर्म. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे मी स्वतः नववीच्या मुलांना निबंधात लिहायला लावलेलं आहे. तिने टायरात टॉर्च मारला. "हांगा." करवंटीत मारला. "हांगाय." पेरूच्या फांदीवर, धुण्याच्या दोरीवर, "हांगाय, हांगाय." मग ती बाटल्यांच्या ओळीशी बसली. बाटलीचं बूड आत दबलेलं असतं, माहीत आहे ना? उपडी रोवली की प्रत्येकीला एक वाटी तयार. माझ्या वाफ्याभोवती दहा वाट्या होत्या, आणि प्रत्येकीत काहीतरी वळवळत होतं.

"हें कितें? भंगार?" तिने विचारलं.

"डेकोरेशन," मी म्हणाले.

तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. डेकोरेशनचा रकाना नव्हता. तिने फार सौजन्याने 'भंगार' वर खूण केली आणि माझी सही घेतली. पाण्यात वळवळणाऱ्यांची व्यवस्था तिने स्वतःच लावली.

टायर ह्यांनी पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत चढवले. बाटल्या पोत्यातून परत तावेर्नात गेल्या. म्हाताऱ्याने मोजून घेतल्या आणि "बारा उण्यो" एवढंच म्हणाला. त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नव्हतं. करवंट्या सासूबाईंनी एकेक करून उतरवल्या, पाणी झटकलं आणि चुलीवरच्या फळीवर सुकायला मांडल्या.

त्या आठवड्यात पाऊस अजिबात उघडला नाही. लाकडं धुमसत होती, धूर न्हाणीभर, भाणातलं पाणी कोमट. सासूबाईंनी फळीवरची एक करवंटी काढून चुलीत टाकली. वॉर्निशमुळे ती अशी भडकली की अंधारलेली न्हाणी उजळून निघाली. उरलेली दोन वारली माणसं क्षणभर खरंच नाचली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. हे आतून ओरडले, "आज पाणी कसं काय एवढं कडक?"

सासूबाईंनी चौथी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या बऱ्या पेटतात गो," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षी थोड्या जास्त कर. फक्त ती माणसं काढत बसू नको. उगाच वेळ जातो."