मावशीच्या भिशी ग्रुपवरचं रेबीजचं फॉरवर्ड

परवा लालबागच्या मावशीचा फोन. नातवाच्या पोटरीला कुत्रं चावून दोन दिवस झालेत, हळद दाबून बसलेत. इंजेक्शन? "नको रे, ग्रुपवर आलंय." म्हणे परदेशी शास्त्रज्ञ रेबीजचे विषाणू मेंदूत सोडून नसांचे नकाशे काढतात, तोच विषाणू लशीत असतो, मग आपले विचार बाहेरून वाचता येतात. जखमेला हळद-चुना लावा आणि दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा.

विचारवाचनाचं आधी उरकतो. हे काम बहुतेक उंदरांवर चालतं. उंदीर मारून मेंदूचे पातळ काप करतात, मग विषाणू शिरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. त्यात विचार कुठून दिसणार, डोंबल?

रेबीज वापरतात हे मात्र खरं. तो चेतापेशींच्या जोडांवरून उलटा चढतो, संदेश घेणारीकडून देणारीकडे. २००७ साली विकरशॅम, कॅलवे आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरॉन' या नियतकालिकात त्याला एका उडीत थांबवायची युक्ती मांडली: विषाणूतलं एका प्रथिनाचं जनुकच काढून टाकायचं. त्या प्रथिनाविना त्याला पुढच्या पेशीत जाता येत नाही. निवडक पेशींना ते वेगळं पुरवतात, म्हणून तो तिथून एकच उडी मारतो आणि अडकतो. या कामातली विषाणूची जात मुळात युरोपात कोल्ह्यांना आमिषातून देतात त्या लशीची, हेही कबूल. पण आपल्याला टोचतात त्या लशीतला विषाणू मेलेला असतो. मेलेला काय उडी मारणार!

डोकं फिरलं ते हळद-चुन्यावर. जखमेतला जिवंत विषाणू चेतातंतूंतून मेंदूकडेच निघालेला असतो आणि तो पोचायच्या आत लशीला काम करायचं असतं. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात, पण लस सुरू करून! आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, त्याच दिवशी लस, रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं. पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची, ती केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात, पालिकेच्या दवाखान्यात फुकट.

पोराला मोरीत उभं करून मीच पोटरी धुतली. हळद निघता निघेना. संध्याकाळी पहिली सुई झाली. मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाला गोल केलेत. ग्रुपवरचं फॉरवर्ड अजून तसंच आहे, खाली अकरा नमस्कार.