कुणाच्या ऑर्डरनं बंद केलीय साइट, सांगा की!

डोकं फिरलंय नुसतं. बाबूराव पेंटरांच्या काळातल्या कोल्हापूरच्या मूकपटांवर माझी बहीण शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतेय. तिला लागणारी जुनी मासिकं ज्या साइटवर स्कॅन करून ठेवलीयत, ती आमच्या राजारामपुरीतल्या घरच्या नेटवर उघडेनाच. पांढरं पान आणि त्यावर एक ओळ, सरकारी आदेशानुसार ही साइट ब्लॉक केली आहे. कुठला आदेश, कुणाची तक्रार, कधीपर्यंत बंद, काही नाही. आणि तीच साइट मोबाइलच्या नेटवर धडाधड उघडते!

कस्टमर केअरचं पोरगं म्हणतंय, "सर, राउटर बंद करून चालू करा." अरे, ब्लॉकचं पान तुमचंच दिसतंय की! लई डोकं खाल्ल्यावर म्हणाला, "कॉपीराइटचं आहे सर, वरून आलंय." ऑर्डरचा नंबर मागितला तर फोन कट.

पायरसी बंद कराच. सिनेमावाल्याचे पैसे बुडाले की काय होतं, हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. पण पद्धत बघा यांची. पिक्चर लागायच्या आधी निर्माता, चोर कोण ते माहीत नसल्यानं, 'अशोक कुमार' असं नुसतं नावापुरतं नाव घालून अज्ञात माणसावर दावा टाकतो, साइटची भलीमोठी यादी जोडतो आणि ऑर्डर घेऊन येतो. यादीतल्या साइटवाल्याला पत्ताच नसतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये मद्रास हायकोर्टाच्या ऑर्डरमुळं इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुनी पुस्तकं नि वेबपानं जपून ठेवणारी अख्खी साइट, देशात बंद पडली होती. यादीत अडीच हजारांवर साइट! दोन हिंदी पिक्चरांपायी लाखो पुस्तकांना कुलूप, आणि पायरसीवाला नावात एक अक्षर बदलून संध्याकाळी परत हजर.

बाबूराव 1954 साली गेले. सिनेमाचा कॉपीराइट आपल्या कायद्यात प्रदर्शनानंतर 60 वर्षं. 1920 च्या दशकातल्या मूकपटांवर आता कुणाचा हक्क राहिलाय? कुणाचं नुकसान होतंय इथं?

आपल्याच मुंबई हायकोर्टात 2016 साली न्यायमूर्ती गौतम पटेलांनी निर्मात्यांना ठणकावलं होतं, नेमक्या लिंक तपासून आणा, सरसकट साइट बंद करून मिळणार नाहीत. ब्लॉकच्या पानावर तक्रार कुठं करायची तेही लिहायला लावलं होतं. आमच्या पानावर साधा ईमेलसुद्धा नाही!

मुंबई हायकोर्टाच्या इथल्या सर्किट बेंचसाठी या गावानं कितीतरी वर्षं आंदोलनं केली, 2025 च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झालं. कोर्ट दारात आलं, पण जायचं कशाविरुद्ध? ऑर्डर मद्रासची, दिल्लीची, का कुणाच्या नुसत्या फोनची, तेच कळत नाही. तिकडं बहिणीला गाइडकडं चॅप्टर द्यायचाय आणि ती मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर डोळे फोडून शंभर वर्षांपूर्वीची पुसट अक्षरं वाचत बसलीय.

ऑर्डरची प्रत द्या. ती नसेल तर आजच्या आज साइट चालू करा.