रिकव्हरी रूमची धर्मशाळा

दुपारी 2 वाजता माझी ड्युटी सुरू होते आणि 3 वाजल्यापासून इंटरकॉमचा रिसीव्हर माझ्या कानाला जो चिकटतो, तो रात्रीपर्यंत सुटत नाही. पलीकडे सर्जिकल वॉर्ड असतो आणि तिथून येणारी उत्तरे मला आता तोंडपाठ झाली आहेत. "ताई, बेड अजून रेडी नाही." "आमचा ओव्हर (पाळी बदलताना रुग्ण सोपवणे) चालू आहे, अर्ध्या तासाने फोन करा." "इन्चार्ज सिस्टर राउंडला आहेत, त्यांना विचारून सांगते." सर्वांत कहर म्हणजे काहीच न बोलता रिसीव्हर बाजूला काढून ठेवणे. पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या रिकव्हरी रूममध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात पाठवेपर्यंत रुग्णाला ठेवतात त्या खोलीत, मी गेली 9 वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि या 9 वर्षांत भूल उतरत असलेल्या रुग्णांनी मला जेवढे थकवले नाही, तेवढे पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसांनी थकवले आहे.

रिकव्हरी म्हणजे झोपलेल्या माणसांची खोली आणि तिथल्या सिस्टर म्हणजे त्या झोपेच्या राखणदार, असा समज नातेवाइकांचा असेल तर मी समजू शकते. पण तो आमच्याच व्यवस्थापनाचाही आहे. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला पाव तास दर 5 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजनचे प्रमाण पाहावे लागते, ते हौस म्हणून नव्हे. घोरण्याचा आवाज ऐकून बाहेरचा माणूस "छान झोप लागली आहे" असे म्हणतो, तेव्हा आम्हाला जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते आहे हे ऐकू येते आणि जबडा पुढे उचलून धरावा लागतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता उतरला नसेल तर माणूस डोळे उघडतो, पण त्याला मान उचलता येत नाही आणि खोल श्वासही घेता येत नाही. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्याचा रक्तदाब एकाएकी खाली येतो. कोणी थडथडा कापतो, कोणी ओकतो, तर कोणी आजोबा भ्रमात लघवीची नळी उपटायला निघतात. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या गळ्यात आतून रक्त साठू लागले तर श्वासनलिका दाबली जाते, म्हणून टाके कापण्याचे साहित्य तिच्या उशाशीच ठेवावे लागते आणि तिच्या मानेवरून नजर हलवून चालत नाही. ज्या वेळी माझी नजर त्या मानेवर असायला हवी, त्या वेळी मी पाठमोरी उभी राहून वॉर्डाच्या फोनची रिंग ऐकत असते.

रुग्णाला वॉर्डात कधी पाठवायचे याचा निकष काही माझ्या लहरीवर ठरत नाही. भूलतज्ज्ञ अल्ड्रेट यांची 1970 सालापासून चालत आलेली आणि पुढे सुधारलेली गुणपद्धत त्यासाठी आहे: हालचाल, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि ऑक्सिजन या 5 बाबींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे, एकूण 10, आणि 9 किंवा त्याहून अधिक मिळाले की भूलतज्ज्ञांच्या सहीने रुग्ण बाहेर. आमच्याकडे रुग्ण 9 गुण मिळवून उत्तीर्ण होतो आणि त्यानंतरही 3 तास त्याच बाकावर बसवून ठेवला जातो. एकदा एक हर्नियाचे गृहस्थ मला म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशन 40 मिनिटांचं आणि मुक्काम दिवसभराचा, हे काय गणित आहे?" ते विचारत असताना शेजारच्या पडद्याआड कोणीतरी ओकत होते, डोक्यावर पांढरे दिवे जळत होते आणि त्यांचा डबा घेऊन आलेली मुलगी दाराबाहेर ताटकळत होती. त्यांचे गणित बरोबर होते.

कालचेच सांगते. आमच्या रिकव्हरीत 6 पलंग आहेत आणि आम्ही दोघी होतो. भुलेतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या रुग्णांसाठी दोघांमागे एक परिचारिका असावी, असे अमेरिकेतील या क्षेत्रातल्या परिचारिकांच्या संघटनेचे मानक सांगते. आमच्याकडे एकीमागे तीन, आणि जोडीदारीण जेवायला गेली की सहा. पैकी 4 रुग्ण तासाभरापूर्वीच वॉर्डात जायला तयार होते. अशा वेळी 3 नंबरच्या ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) निरोप आला की थायरॉइडची केस संपली, पेशंट बाहेर काढतो आहोत. मी जागा नाही म्हणाले. त्यावर उत्तर मिळाले, "पॅसेजमध्ये भिंतीकडेला ट्रॉली लावा ना, थोड्या वेळाचाच प्रश्न आहे." त्या पॅसेजमध्ये ना ऑक्सिजनची सोय आहे, ना घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन, ना मॉनिटर; तिथे बादल्या आणि मोडकी व्हीलचेअर ठेवतात. मी ठाम नकार दिला. सर्जन आवाज चढवून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यातल्या त्यात बरे इतकेच, की भूलतज्ज्ञ मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या आणि रुग्णाला टेबलावरच ठेवून 40 मिनिटे स्वतः शेजारी थांबल्या. पुढची केस तेवढी लांबली आणि रजिस्टरमध्ये कारण नोंदले गेले: "रिकव्हरी फुल."

रिकव्हरी फुल का झाली, हे मात्र कोणालाही विचारावेसे वाटले नाही. वॉर्डातल्या ज्या पलंगावर माझा रुग्ण जायला हवा होता, त्यावर सकाळी 10 वाजता डिस्चार्ज लिहून दिलेला माणूस घरचे कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला होता. त्याचा डिस्चार्ज सारांश टाइप व्हायला दुपार झाली, बिलाची फाइल त्यानंतर विमा कंपनीकडे गेली, आणि मग मंजुरीची वाट पाहणे सुरू झाले. विमा नियामकाने 2024 साली अशी मंजुरी 3 तासांत द्यावी असे बंधन घातले आहे, ते योग्यच आहे. परंतु हे 3 तास विनंती पोहोचल्यापासून मोजतात, आणि आमची विनंती निघेपर्यंतच उन्हे कलतात. हे सर्व रोज असेच घडणार हे प्रशासनाला पक्के ठाऊक असते. तरीही संध्याकाळी रिकामा होईल या आशेवर तोच पलंग सकाळी शस्त्रक्रियेच्या रुग्णाला दिला जातो, म्हणजे एकच पलंग दोघांना विकला जातो आणि मधल्या काळाचे ओझे माझ्या खोलीत आणून टाकले जाते.

वॉर्डातल्या सिस्टरवर मी चिडते हे खरे आहे, पण मनातून मला तिचीही स्थिती कळते. मी दोन वर्षे वॉर्डात काढली आहेत. ड्रेसिंग, इंजेक्शने, नव्याने दाखल झालेले दोन रुग्ण आणि एक बेशिस्त नातेवाईक एकाच वेळी अंगावर आले की मीही रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आहे. (तेव्हा पलीकडून ओरडणाऱ्या रिकव्हरीच्या सिस्टर मला फारच भांडखोर वाटत असत.) दोन बायकांनी फोनवर एकमेकींवर खेकसावे आणि ज्यांनी हा घोळ घालून ठेवला त्यांनी वातानुकूलित खोलीत बसून तक्ते पाहावेत, अशी ही सुंदर रचना आहे.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो दाराशी. नातेवाइकांना "वॉर्डात बेड रिकामा नाही" असे सांगायचे नाही, अशी आम्हाला तोंडी सूचना आहे. "पेशंट निरीक्षणाखाली आहे" असेच म्हणायचे. काल 12 वाजता शस्त्रक्रिया उत्तम झाली असे सर्जनकडून ऐकलेल्या एका बाईंना मी 4 वाजता हे वाक्य ऐकवले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "निरीक्षणाखाली म्हणजे? काही झालं का ह्यांना? खरं सांगा ना सिस्टर." त्यांचे यजमान आत बिस्किटाची वाट पाहत, सिलिंगकडे टक लावून पडले होते. पलंग मिळत नाही एवढीच साधी गोष्ट लपवण्यासाठी एका बाईच्या जिवाला घोर लावायचा, आणि तो माझ्या तोंडून लावायचा! मी सूचना मोडली आणि खरे कारण सांगितले. त्यांनी काउंटरवर जाऊन जाब विचारला, अर्ध्या तासात पलंग मिळाला, आणि संध्याकाळी मेट्रन मॅडमनी मला बोलावून "संवादकौशल्य" या विषयावर ऐकवले. ज्या पलंगासाठी मी 7 फोन केले होते, तो नातेवाइकांच्या एका आरड्याओरड्याने रिकामा झाला, यावर मात्र कोणी काही बोलले नाही.

दर महिन्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर एक आलेख दाखवतात, त्यात रिकव्हरीतील सरासरी मुक्काम लाल रंगात असतो. रुग्ण तयार कधी झाला आणि गेला कधी, या दोन वेळा स्वतंत्र नोंदवा, मधले अंतर आमचे नाही हे उघड दिसेल, असे मी तीनदा लेखी दिले आहे. छापील फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, असे उत्तर आले. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मच्या समासात निळ्या पेनने स्वतःच लिहू लागले: "तयार 3.10, वॉर्डात बेड नाही, फोन 3.15, 3.40, 4.05." आज सूचनाफलकावर नवे परिपत्रक लागले आहे. रुग्णाच्या कागदपत्रांवर समासात काहीही लिहू नये.