दोन सीटचा संसार

आमच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, म्हणजे बायकोच्या हिशेबाने एक गाडी आणि एक खर्च. गाडी म्हणजे पाच दारांची साधी हॅचबॅक. तिच्यात आम्ही तिघं, मुलाचे चिखलाचे बूट आणि महिन्याचं सामान असं सगळं मावतं, ती रोज सकाळी मुकाट्याने सुरू होते आणि म्हणूनच तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीही नाही. खर्च म्हणजे माझी माझदा एमएक्स-५. २००३ सालची, लाल, दोन सीट, वर कापडी छत, आणि ते छत काढून मागे टाकता येतं हाच तिचा एकमेव उपयोग. आम्ही राहतो स्टॉकपोर्टला, मॅन्चेस्टरच्या बगलेत, जिथे पाऊस पडत नाही तेव्हा तो पडायच्या तयारीत असतो. अशा गावात उघड्या टपाची गाडी घेणाऱ्याला काय म्हणायचं ते आमच्या घरी रोज वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं जातं.

पण गंमत अशी की असल्या गाड्यांचं माहेर हाच देश. एमजी, ट्रायम्फ, लोटस, सगळ्या इथल्याच. १९६२ साली आलेली लोटस एलान तर जेमतेम सातशे किलोची होती, कारण लोटसचा कॉलिन चॅपमन हा इंजिन वाढवण्यापेक्षा वजन काढून टाकण्याच्या मागे लागलेला माणूस. फक्त या गाड्यांचं तेल इंजिनात कमी आणि दारातल्या फरशीवर जास्त असायचं. हळूहळू त्या बंद पडल्या (रस्त्यातही आणि कारखान्यातही). मग १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगितलं की तुम्ही अशी एक हलकी, स्वस्त, उघडी गाडी काढा. त्यांनी मनावर घ्यायला आणि गाडी बनायला दहा वर्षं गेली, १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती आली आणि २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी बाहेर पडली. उघड्या टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी कुठलीच खपलेली नाही. थोडक्यात हौस इंग्रजांची, शिस्त जपान्यांची आणि बिलं सांगलीच्या माणसाची.

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता, कुणाला आठवतो का बघा. सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमाराला गोव्यात बनायची, फायबरची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन, दोन सीट. कॉलेजात असताना पुण्यात एफसी रोडला एक उभी दिसली होती, मी आणि माझा रूममेट तिच्याभोवती चहा थंड होईपर्यंत फिरत होतो आणि मालक आल्यावर आम्ही शेजारच्या स्कूटरचे असल्यासारखं दाखवून निघून गेलो. रोग तिथून लागलाय, मला उगाच मिडलाइफ क्रायसिस वगैरे म्हणू नका.

आता गाडीत काय आहे ते सांगतो, पटकन होईल. दीड लिटरच्या थोडं वर इंजिन, ११० हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या थोडं वर, मागच्या चाकांना ताकद, आणि मनगट नुसतं हलवलं की पडणारा गिअर. संपलं. हल्ली शाळेत पोरं सोडायला येणाऱ्या एसयूव्ही सिग्नलला मला आरामात मागे टाकतात आणि आतली पोरं वरून माझ्याकडे बघतात, कारण ह्या गाडीत माणूस रस्त्यापासून वीतभर वर बसतो. मोटरवेवर शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट माझ्या कानाच्या लेव्हलला फिरत असतात. आणि बसणं एक वेळ ठीक, पण उतरणं, बाप रे. आधी उजवा पाय बाहेर, मग दाराला हात, मग "आई गं", मग उरलेला माणूस. पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांनी ही क्रिया सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये चारचौघांत करायची असते, त्यामुळे मी सगळ्यात लांबचा कोपरा बघून गाडी लावतो. बायकोला वाटतं मी पेंटला ओरखडा पडू नये म्हणून लांब लावतो. वाटू दे.

ऑफिसमधले गोरे लोक ह्या गाडीला हेअरड्रेसरची गाडी म्हणतात, हा इथला जुना टोमणा आहे. माझ्या डोक्यावर केस शिल्लक नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांची फार पंचाईत झाली. टक्कल आणि उघडं छत हे प्रकरण मात्र गंभीर आहे. इंग्लंडमध्ये उन्हाने डोकं भाजलं असं डॉक्टरला सांगायला गेलात तर आधी तुमचा पत्ता खरा आहे का ते बघतील. आणि थंडीत उलट. थंडीत छत उघडून चालवण्यात खरं सुख आहे हे मी ओरडून सांगतो पण कुणी ऐकत नाही. काचा वर, हीटर फुल, पायाशी भट्टी पेटलेली, आणि डोक्यावर आईने सांगलीहून पाठवलेली माकडटोपी. स्पोर्ट्स कारमध्ये माकडटोपी घालून बसलेला दुसरा माणूस मी अजून ह्या देशात पाहिलेला नाही. समोरून दुसरी एमएक्स-५ आली की तिचा मालक हात वर करतो, अशी रीतच आहे, मग आपणही करायचा.

"कोण होता तो?" शेजारून बायको.

"माहीत नाही."

"मग हात कशाला केलास? शेजारचे दोन वर्षं राहतायत, त्यांना केलायस का कधी?"

ह्यावर उत्तर नाही, असलं तरी वाऱ्यात ऐकू जात नाही. हाही एक फायदा.

छताबद्दल बोलायला हवं. समोरच्या काचेच्या वर दोन खटके असतात, ते सोडायचे आणि छत डोक्यावरून मागे भिरकावायचं, सिग्नलला बसल्या बसल्या होतं. उघडताना. बंद करताना हात खांद्यामागे नेऊन ते पुढे ओढायचं असतं, आणि त्याच वेळी खांद्यात कट् असा आवाज येतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, कुठला खेळ खेळता? मी म्हटलं, गाडी आहे. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

त्यामुळे पाऊस आला तरी छत बंद करायचं नाही, इथून खरं शास्त्र सुरू होतं. गाडी ताशी ४५-५० मैलांच्या वर असली की समोरच्या काचेवरून हवा जोरात वर उचलली जाते आणि पावसाचे थेंब तिच्याबरोबर तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातात. खरंच जातात. आजूबाजूच्या गाड्यांचे वायपर चालू आणि आपण उघड्यावर कोरडे, लोक काचा पुसून पुसून बघतात. अट एकच, थांबायचं नाही. पाऊस चालेल, सिग्नल चालणार नाही. एम-६० म्हणजे मॅन्चेस्टरला वळसा घालणारा मोटरवे, तिथे संध्याकाळी गाड्या हळू व्हायला लागल्या की मला पोटात गोळा येतो, कारण ५० वरून ४०, ४० वरून ३०, आणि मग पहिला थेंब बरोबर टाळूवर.

पाण्याचं तिथेच संपत नाही. छतावरून ओघळलेलं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून खाली जातं, तशी सोय केलेली आहे, पण आमच्यासमोर एक मोठं झाड आहे. पानं, शेवाळ त्या भोकात बसलं की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो, बाहेरून पॉलिश मारत बसा तुम्ही. वर इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून आपलं काम करतं. म्हणून दर दोन-तीन रविवारी मी जाड नायलॉनची दोरी घेऊन सीटमागे डोकं खुपसून बसलेला असतो. इथे जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते, गाडी वर उचलतात आणि तपासणारा खालून बारक्या अवजाराने पत्रा ठोकत जातो. टण. टण. टण. मी काचेपलीकडे मशीनची कॉफी धरून उभा. टण. टण. थप्प. त्या थप्पला काही शे पौंड पडतात. सीटबेल्ट जिथे बोल्टने धरलेला असतो त्याच्या आसपास पत्रा कुजला तर गाडी सरळ नापास, वेल्डिंग केल्याशिवाय पास नाही. बायकोने एकदा हिशेब काढला होता की पत्र्याच्या जागी चांदी लावली असती तर... जाऊ दे.

सामानाचं विचारू नका. डिकी १४४ लिटरची, त्यात जास्तीचं चाक आणि बॅटरीसुद्धा तिथेच, उरलेल्या जागेत कोथिंबिरीच्या जुड्या छान राहतात. दहा किलोची आट्याची गोणी शेजारच्या सीटवर बसवून बेल्ट लावून आणावी लागते, म्हणजे दुकानात बायकोला नेलं तर आटा नाही आणि आटा आणला तर बायको नाही. बायको म्हणते दोन्हींत तुला कोण जास्त जड आहे ते आधीच ठरवून ये.

मग एवढं सगळं कशासाठी, तर मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा ए-५३७ रस्ता आहे त्यासाठी. कॅट अँड फिडल म्हणतात त्याला, वरच्या माळावर त्या नावाचा जुना पब होता, आता तिथे व्हिस्की बनते. नुसती वळणं. ताशी ५० मैलांची मर्यादा आणि वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, त्यामुळे तीनशे-चारशे हॉर्सपॉवरवाले तिथे हात बांधल्यासारखे तोंड पाडून चाललेले असतात आणि माझी ११० ची गाडी त्याच वेगात पूर्ण कामाला लागलेली. तिसरा, दुसरा, वळण, परत तिसरा. पुढची चाकं कुठे आहेत ते तळहाताला कळतं. शेतात टाकलेल्या खताचा वास आधी येतो आणि शेत मागून दिसतं, भिंतीपलीकडचं मेंढरू ओरडलं की वाटतं मागच्या सीटवरच आहे, मग आठवतं की मागची सीट नाही. अशा वेळी मी मोठ्याने गातो. चालवताना गायला मला घरच्या गाडीत बंदी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा तिला त्याच रस्त्याने नेली. तिला आत बसवायला मी आणि मुलगा असे दोघं लागलो. डोक्याला स्कार्फ, अंगावर स्वेटर, मांडीवर पर्स घट्ट धरलेली, पहिली पाच मिनिटं फक्त "हळू, हळू". मग गप्प झाली. बक्स्टनला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हटलं, कशी वाटली? ती म्हणाली, "छान आहे की. तुझ्या बाबांच्या लुनावर मागं बसून मी मिरजेला जायचे, अस्साच वारा लागायचा तोंडाला." मग चहात बिस्किट बुडवत, "ती पेट्रोल कमी खायची पण."

पण ह्या गाडीची खरी परीक्षा झाली ती गणपतीत. इथल्या एका ओळखीच्या काकांनी शाडूच्या मूर्ती मागवल्या होत्या, आमची मूर्ती आणायच्या दिवशीच घरची गाडी सर्व्हिसिंगला. बायको म्हणाली, उद्या आणू. मी म्हटलं, छे, बसतील बाप्पा आरामात. बसले पण आरामातच, फक्त मागची प्रभावळ छताच्या वर जात होती, म्हणजे छत उघडं ठेवणं भाग. खाली उशी, दोन्ही बाजूंना टॉवेल, पोटावरून बेल्ट, चेहऱ्यावर रीतीप्रमाणे रुमाल. काका दारात उभे राहून म्हणाले, "अहो, शाडू आहे, पाणी लागू देऊ नका हं." आणि वर बघितलं. मीपण वर बघितलं.

पहिल्या सिग्नलला शेजारी डबलडेकर येऊन थांबली. वरच्या मजल्यावरचा एक पोरगा काचेला नाक लावून हात हलवत होता म्हणून मी पण हात केला, तर त्याने मान हलवून बोटाने खूण केली, तुला नाही, त्याला. मोटरवेला लागेपर्यंत भुरभुर सुरू झाली होती. मग मी आयुष्यात पहिल्यांदा धार्मिक कारणासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कायद्यातच, ७० च्या आत, पण ५० च्या खाली येणार नाही अशा बेताने, लेन बदलत, ट्रकांना वळसे घालत, तोंडाने अथर्वशीर्ष जेवढं पाठ आहे तेवढं. थेंब डोक्यावरून सटासट मागे चालले होते, रुमाल फडफडत होता, मूर्ती कोरडी. आणि पुढे लाल दिव्यांची रांग.

थांबलो. सीटमागून छत्री काढली आणि तिसऱ्या लेनमध्ये शेजारच्या सीटवर धरून बसलो, स्वतः भिजत. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर वरून बराच वेळ बघत होता. शेवटी काच खाली करून त्याने विचारलं, त्याचं तिकीट तुझ्यापेक्षा महाग आहे का रे? मी म्हटलं, तो मालक आहे, मी ड्रायव्हर. ते त्याला पटलं असावं, कारण रांग हलली तेव्हा त्याने हात दाखवून मला पुढे काढून दिलं.

घरी पोचलो तेव्हा बाप्पा कोरडे ठणठणीत आणि माझ्या बुटात पाणी. बायकोने आधी मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग माझ्याकडे बघून टॉवेल फेकला, ओवाळलं नाही. पण त्या दिवसापासून घरात त्या खर्चाला "बाप्पाची गाडी" म्हणतात आणि एमओटीच्या बिलावर पूर्वीएवढी चर्चा होत नाही. मागच्या शनिवारी तर बायकोने किल्ली उचलली आणि म्हणाली, "मी जरा बक्स्टनला जाऊन येते." मी बूट घालायला लागलो.

"तू कुठे? शेजारच्या सीटवर माझी पर्स आहे."