वोलोतली माणसं आळशी नव्हती

परवा दुपारी आत्याचा फोन आला. ती सहसा आवाज चढवत नाही. "आपल्या ग्रुपवर कुणी काय टाकलंय ते वाचलंस का? आणि खाली बारा जणांनी अंगठे लावलेत. माझा हात आता चालत नाही, तू उत्तर लिही."

आत्या मिरजेला असते. १९७० ते १९७४ अशी चार वर्षं ती आणि तिचे यजमान इथिओपियात देस्से गावी शिक्षक होते. ती गणित शिकवायची. सम्राट हेले सेलासींच्या काळात तिकडच्या शाळांना शिक्षक कमी पडत होते आणि भारतातून माणसं शेकड्यांनी गेली, त्यातलीच ही दोघं. त्यामुळे तो फॉरवर्ड तिला घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखा लागला.

फॉरवर्डचा मथळा 'अभिमानाने पोट भरत नाही'. आत लिहिलंय ते असं: आम्ही कधी कुणाचे गुलाम झालो नाही म्हणून इथिओपिया मिरवतो, पण गोऱ्यांचं राज्य आलं असतं तर रेल्वे आणि शाळा मिळाल्या असत्या. लोक आळशी, म्हणून दुष्काळात मेले आणि आजही जगाच्या भिकेवर जगतात. स्वतःची लिपी नाही, संस्कृती नाही. पळतात चांगले, पण ती रक्ताची देणगी; बिकिला अनवाणी धावला कारण बुटाला पैसे नव्हते. ज्याला काही बनायचं असतं तो देश सोडून जातो. आणि शेवटी: 'आपल्या मुलांना जरूर वाचून दाखवा.'

मुलांना वाचून दाखवा म्हणे!

आळशीपणापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे अज्ञानातून आलेत असं म्हणून सोडून देता येईल. हा मुद्दा मात्र उपाशी मेलेल्या माणसांवरच त्यांच्या मरणाचा ठपका ठेवतो.

१९७३ साली वोलो प्रांतात दुष्काळ पडला. देस्से हे त्या वोलोचंच मुख्य ठिकाण, म्हणजे आत्या अगदी मध्यावर होती. ती आजही सांगते, "बाजारात धान्य होतं रे. टेफ होता, ज्वारी होती. भावसुद्धा फार चढले नव्हते. लोकांच्या हातात पैसाच नव्हता." खेड्यांतून चालत आलेली माणसं हमरस्त्याच्या कडेला बसून असायची आणि त्यांच्यासमोरून पोत्यांनी भरलेले ट्रक आदिस अबाबाकडे जायचे. लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं की आत्याच्या आठवणीत काहीतरी घोटाळा आहे. धान्य असताना माणसं कशी मरतील?

पुढे अमर्त्य सेन यांचं १९८१ सालचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हाती आलं. त्यात याच दुष्काळावर एक अख्खं प्रकरण आहे आणि सेन यांनी देस्सेच्या बाजारातले भावच तपासलेत. आत्या जे सांगत होती तेच तिथे आकड्यांनिशी मांडलंय. त्या वर्षी संपूर्ण देशाचं अन्नधान्य उत्पादन फारसं घटलं नव्हतं. देस्सेत भाव भडकले नव्हते. वोलोतून धान्य बाहेर जात होतं. वोलोच्या शेतकऱ्याचं पीक गेलं म्हणजे त्याचं खाणंही गेलं आणि विकायचं तेही गेलं. मग त्यानं जनावरं मातीमोल भावानं विकली. त्याला घेता येत नव्हतं म्हणून बाजारात मागणी नव्हती, आणि मागणी नव्हती म्हणून धान्य जिथे पैसा होता तिकडे गेलं. यात आळस कुठे बसतो ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं दाखवावं. सरकारनं तर ही गोष्ट दाबूनच ठेवली. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर चित्रं दिसली तेव्हा जगाला कळलं, आणि पुढच्या सप्टेंबरात सम्राटाचं सिंहासन गेलं.

आता आपलं आठवा. त्याच सुमारास इकडे बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आमचे आजोबा आटपाडीकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरात मिलो शिजायचा, पोरं सुकडी खायची. तो लाल मिलो अमेरिकेतून आलेला होता. कुणी आजोबांना आळशी म्हटलं का? जगाच्या भिकेवर जगणारे म्हटलं का? १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांच्या हातात मजुरी पडली, म्हणून बाजारातलं धान्य त्यांच्या चुलीपर्यंत पोचलं. वोलोच्या माणसाला तेवढं काम कुणी दिलं नाही. आजोबांच्यात आणि त्याच्यात फरक असेल तर तो एवढाच.

१९८४ चा दुष्काळ त्याहून भयंकर. तेव्हा मेंगिस्तू हेले मरियमची लष्करी राजवट होती. उत्तरेत तिग्रे आणि एरिट्रियात युद्ध पेटलेलं, आणि बंडखोरांच्या भागात धान्य पोचू न देणं हा त्या युद्धाचाच भाग. माणसं मरत होती त्याच सप्टेंबरात राजधानीत सम्राटाला हटवणाऱ्या क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटात साजरा झाला. त्यानंतर उत्तरेतल्या सुमारे ६ लाख लोकांना नैऋत्येत हलवलं, पुष्कळांना जबरदस्तीनं.

मदत आजही लागते, हे खरं आहे. पण २००५ पासून तिथे जी मोठी योजना चालते तिच्यात लाखो माणसं डोंगरउतारावर बांध घालतात, तळी खणतात, झाडं लावतात आणि त्या कामाचे पैसे किंवा धान्य घेतात. महाराष्ट्रातल्या माणसाला तरी हे काय आहे ते समजावून सांगायची गरज नसावी.

आता 'गोऱ्यांचं राज्य आलं असतं तर'. इटलीनं १८८९ साली सम्राट मेनेलिक यांच्याशी वुचालेचा तह केला. त्याच्या १७ व्या कलमाचा अम्हारिक मजकूर वेगळा आणि इटालियन वेगळा. इटालियन मजकुराप्रमाणे इथिओपिया इटलीचं संरक्षित राज्य ठरत होतं. ही लबाडी मेनेलिक आणि राणी तैतू यांनी मानली नाही. १ मार्च १८९६ ला अडवाच्या डोंगरात इटलीच्या फौजेचा धुव्वा उडाला. राणी तैतू स्वतःची फौज घेऊन त्या मोहिमेत होती. यांचा अभिमान म्हणजे हा. तो मिरवायचा नाही तर काय लपवायचा?

आणि रेल्वे? जिबूतीहून निघालेली रेल्वे १९१७ साली आदिस अबाबाला पोचली. कंपनी फ्रेंच होती, परवाना मेनेलिकनं दिलेला. त्यांच्याच नावाची पहिली आधुनिक शाळा १९०८ ची. म्हणजे दोन्ही गोष्टी स्वतंत्र देशात झाल्या.

गोऱ्यांचं राज्य आलं नाही असंही नाही. मुसोलिनीच्या फौजा १९३६ ते १९४१ तिथे होत्या, येताना विषारी वायू फवारत आल्या. त्यांनी रस्ते बांधले, चांगले बांधले, हे मान्य. पण फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हाइसरॉय ग्राझियानीवर हल्ला झाल्यावर आदिस अबाबात तीन दिवस कत्तल चालली, हजारो माणसं मारली. मग शिकलेल्या तरुणांना हुडकून हुडकून ठार केलं. शाळा मिळाल्या असत्या म्हणणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचावं. इटलीला तिथून हुसकावणाऱ्या १९४१ च्या मोहिमेत केरेनच्या डोंगरावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढलेत. आपल्याच पोरांनी जे राज्य संपवायला रक्त सांडलं त्याचे गोडवे आपण फॉरवर्ड करतोय.

लिपीचं दोन ओळींत आटपतो. चौथ्या शतकातल्या अक्सुमच्या एझाना राजाचे गीझ लिपीतले शिलालेख आजही आहेत. त्याच लिपीत आजची वर्तमानपत्रं छापली जातात. प्रत्येक व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपं होतात, म्हणून आत्या तिला 'त्यांची बाराखडी' म्हणते आणि आठवड्यात शिकल्याचं सांगते. लालिबेला गावची अकरा चर्चं अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेली आहेत. ज्यानं वेरूळचं कैलास लेणं पाहिलंय त्याला त्या कामाची किंमत कळेल. ज्या शब्दावरून आपण 'हबशी' म्हणतो तो 'हबेशा' शब्द ती माणसं स्वतःबद्दल अभिमानानं वापरतात, हेही माहीत असू द्या.

बिकिलाकडे येऊ. बुटाला पैसे नव्हते ही गोष्ट ऐकायला हृदयस्पर्शी आहे, म्हणून इतकी पसरते. अबेबे बिकिला सम्राटाच्या रक्षकदलातला पगारी सैनिक होता आणि ऑलिंपिकच्या संघातून रोमला गेला होता. मिळालेले बूट पायाला बरोबर बसेनात. अनवाणी पळायचा सराव होताच, तेव्हा त्यानं बूट बाजूला ठेवले. १० सप्टेंबर १९६० च्या रात्री २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत त्यानं मॅरेथॉन जिंकली. त्या वेळेपर्यंत इतक्या वेगानं ती कुणीच धावलं नव्हतं. वाटेत अक्सुमचा स्तंभ लागत होता, मुसोलिनीच्या लोकांनी १९३७ साली उचलून रोमला आणलेला. शेवटच्या टप्प्यात त्या स्तंभापाशीच बिकिलानं वेग वाढवला आणि सोबतच्या धावपटूला मागे टाकलं. (तो स्तंभ इटलीनं परत दिला २००५ साली.) चार वर्षांनी टोकियोत तो अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत धावला, या वेळी बूट घालून, आणि पुन्हा जिंकला, पुन्हा जागतिक उच्चांक. ऑलिंपिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा कुणी जिंकण्याची ती पहिली वेळ.

रक्ताचंच म्हणाल तर ते देशभर सारखं असायला हवं. मग इतकी पदकं आर्सीच्या पठारावर का येतात? तिथलं बेकोजी नावाचं छोटं गाव बघा. देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा, सगळे तिथले. उंची जवळपास २,८०० मीटर, हवा विरळ, हा फायदा खराच. पण त्या पोरांना घडवलं सेंतायेहू एशेतू या शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी. १९९२ ला बार्सिलोनात देरार्तूनं १०,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर त्या गावातल्या मुली पहाटे उठून पळायला लागल्या. पहाटे उठणं रक्तात नसतं. माझी पुतणी धावते, तिला हे वाचून दाखवलंय.

शेवटचा मुद्दा देश सोडण्याचा. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. डॉक्टर जातात, इंजिनियर जातात, गरीब घरच्या मुली आखातात घरकामाला जातात. २०२० ते २०२२ च्या तिग्रे युद्धानं देशाची चाळण केली. मेनेलिकचं नाव काढलं की तिथल्याच ओरोमो समाजात पुष्कळांना अडवा आठवत नाही, त्यांच्यावरच्या स्वाऱ्या आठवतात, म्हणजे अभिमानसुद्धा तिथे सगळ्यांचा सारखा नाही.

पण 'ज्याला काही बनायचं असतं तो' हे साफ खोटं. हेले गेब्रसेलासीनं ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आणि मॅरेथॉनचा जागतिक उच्चांक मिळवला, आणि पैसा कुठे लावला? आपल्याच देशात, हॉटेलांत, कॉफीच्या मळ्यात. बेथलेहेम तिलाहुन अलेमू या बाईंनी आदिस अबाबाच्या गरीब वस्तीत जुन्या टायरांच्या तळव्यांचे बूट बनवायला घेतले आणि जगभर विकले. नाईल अडवणारं ५,१५० मेगावॅटचं धरण सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. बाहेरून कर्ज मिळेना तेव्हा त्यासाठी लोकांनी रोखे घेतले, नोकरदारांचे पगार कापले गेले. देश सोडून मोठा झालेला इथिओपियन आपल्याला हवाच असेल तर मलिक अंबर आहे, ज्यानं आपल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणलं. पण त्यानं देश सोडला नव्हता, त्याला लहानपणी विकलं होतं.

आत्याकडे देस्सेची एक वही आहे. तिच्यात तिच्या वर्गातल्या मुलांची नावं त्यांच्याच हस्ताक्षरात, गीझ लिपीत. ती परत आल्यावर काही वर्षं पत्रं येत होती. पोरं तिला 'अस्तेमारी', म्हणजे बाई, असं लिहायची. १९७७-७८ मध्ये मेंगिस्तूच्या 'लाल दहशती'त शिकलेले तरुण हजारोंनी मारले गेले, आणि पत्रं थांबली. शेवटचं पत्र १९७६ चं आहे. त्या मुलाला बाहेरच्या विद्यापीठात जायचं होतं म्हणून आत्यानं चौकशी करून माहिती पाठवली होती. त्यानं उत्तरात आभार मानलेत आणि लिहिलंय की आता विचार बदलला, वोलोतल्याच एका शाळेत गणित शिकवायला घेणार आहे.