श्राद्धाच्या दिवशी गप्प कोणी बसायचं?

ताई, नमस्कार. श्राद्धाच्या दिवशी घरात शांत राहावं, रडू नये, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंय की पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं सुनांनी आणि वर शांत राहा, रडू नका, बोलू नका हेही त्यांनाच ऐकवायचं. दोन दिवस हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून जरा मोठं उत्तर देतोय.

माझी चूक ही झाली की शांत राहायचा नियम कोणासाठी आहे तेच मी लिहिलं नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (तिच्याबद्दल माझेही बरेच आक्षेप आहेत, पण एवढं पटतं) श्राद्धात तीन गोष्टी वाखाणल्यात, शौच, अक्रोध आणि अत्वरा, म्हणजे स्वच्छता, न रागावणं आणि घाई न करणं, आणि हे सांगणं आहे श्राद्ध करणाऱ्याला, जो पाटावर बसून अपसव्य करतो, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेतो, त्याला. आमच्याकडे आजोबांच्या तिथीला सगळं उलटंच, काका सोवळं नेसून "पानं का नाही झाली अजून, गुरुजींना पुढे तीन घरं आहेत" म्हणून ओरडायचे आणि आई डोळे पुसत वडे तळायची. आता सांगा, श्राद्ध कोणी बिघडवलं? आणि घाई तरी कसली, कुतप काळ, म्हणजे श्राद्धाला उत्तम मानलेली वेळ, साधारण साडेअकरा ते साडेबारा, पुढे अपराह्ण, म्हणजे दुपारनंतरचा काळ, धरला तर साधारण साडेतीनपर्यंत वेळ असतो.

त्याच अध्यायात अजून एक आहे. जेवणाऱ्यांनी मौन पाळायचं, यजमानाने विचारलं तरी पदार्थ कसा झालाय ते सांगायचं नाही, कारण ते बोलत नाहीत तोवरच पितर जेवतात. म्हणजे आमसुलाच्या चटणीत मीठ कमी, खीर पातळ, वडे कडक, असलं काही त्या दिवशी कोणी तोंडातून काढायचंच नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आईच आठवली.

रडण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर, मी माघार घेतो. श्राद्धात अश्रू गाळू नयेत असं लिहिलंय खरं, पण बाबांच्या वर्षश्राद्धाला तिळाचं पाणी सोडताना मलाच रडू फुटलं, हात थरथरायला लागला, गुरुजी मंत्र थांबवून बसून राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "सावकाश होऊ दे." लेखातलं ते वाक्य आजच काढतो.

यंदा महालयाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आदल्या रात्रीचं भिजवणं, वाटणं, चिरणं मी आणि भाऊ करणार आहोत, आई फक्त मीठ किती ते सांगेल.